मारेकऱ्याचा हेतू कोणाचा? : ‘ड्यून मसाया’मधला कट आणि कथानक



मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका तरुण मित्राने आमच्या हातात चार पानं ठेवली. विज्ञानकथेचा आराखडा होता. दूरच्या एका ग्रहावर एक धर्मगुरू सत्ताधीश झालेला आहे. त्याला संपवायला एक मारेकरी निघतो, नाना अडथळे पार करतो आणि शेवटच्या पानावर गोळी झाडतो. सत्ता कोसळते, लोक मोकळे होतात. खाली एक ओळ होती, ‘सर, यात काय कमी आहे?’ त्या वेळी ‘वाचून सांगतो’ म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आजचं बोलणं हे त्याचंच उशिरा दिलेलं उत्तर समजा. मित्र आज आलेला आहे, पण नाव सांगत नाही, घाबरू नये.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत ‘खुनी’ वेगळा आणि ‘मारेकरी’ वेगळा. खुन्याला स्वतःचं काही कारण असतं. बांधाचं भांडण असेल, मत्सर असेल. मारेकरी मात्र ‘घातलेला’ असतो. आपण ‘मारेकरी घातले’ असंच म्हणतो ना? म्हणजे हात एकाचा आणि हेतू दुसऱ्याचा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात कृती आणि हेतू यांचा संबंध शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं घोटाळ्याची उदाहरणं शोधत असू, आणि भाषेने ते उदाहरण एका क्रियापदात तयार ठेवलं होतं. दुसरी गंमत अशी की इंग्रजीत ‘प्लॉट’ म्हणजे कटही आणि कथानकही. (मराठी माणसाला प्लॉट म्हटलं की आधी गुंठे आठवतात, ते सोडा.) कट रचणारा आणि कथा रचणारा एकाच कामाला बसलेले असतात, हे त्या शब्दात आहे. या दोघांचं नातं ज्या कादंबरीत सर्वांत उघड दिसतं, ती फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून मसाया’, १९६९ची.

पहिला ‘ड्यून’ १९६५चा. तो पुष्कळांनी वाचलाय, निदान पडद्यावर तरी पाहिलाय. राज्य गमावलेला राजपुत्र पॉल वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत जातो, त्यांचा तारणहार ठरतो आणि सूड घेतो. वाचक खूश. दुसऱ्या भागात बारा वर्षं उलटलेली आहेत. तारणहाराच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसं मेलेली आहेत. हा आकडा पॉल स्वतः सांगतो, आणि तोही हात राखून. चेंगीझखान आणि हिटलर यांचे आकडे शेजारी ठेवून तो जवळजवळ हिशेबनिसाच्या थंडपणाने बोलतो. पहिली कादंबरी ज्यांनी हौसेने क्रमशः छापली त्या जॉन कॅम्बेल या संपादकांना ही दुसरी पसंत पडली नाही. त्यांना नायक हवा होता. आम्हीही पहिल्या वाचनात वैतागून पुस्तक मिटलं होतं, हे कबूल करतो. पुन्हा हातात घेतलं ते निवृत्तीनंतर.

आता कट बघा. सुरुवातीलाच चौघं एकत्र बसलेली दिसतात: बेने गेसेरिट पंथाची वृद्ध धर्ममाता, पॉलची नावापुरती बायको इरुलान, अंतराळ-मार्गदर्शकांच्या संघाचा एड्रिक आणि रूप पालटणारा स्कायटेल. म्हणजे ‘कोण’ हे रहस्य हर्बर्टने पहिल्याच प्रकरणात खर्चून टाकलं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला हे उधळेपण वाटेल. पण त्याच्यापुढचा पेच वेगळा होता: ज्याला भविष्य दिसतं त्याच्याविरुद्ध कट करायचा कसा? त्याचं उत्तर विज्ञानकथेच्या नियमात बसणारं आहे. एड्रिकलाही भविष्य दिसतं, आणि एक द्रष्टा जिथे असतो तिथलं दुसऱ्या द्रष्ट्याला धूसर होतं. तो खोलीत आहे म्हणून खोली झाकली गेली. आमच्या मित्राच्या आराखड्यात मारेकरी पहारेकऱ्यांना केवळ ‘चुकवतो’. कसा? त्या जगाचा नियम काय? नियम असेल तरच अडथळ्याला किंमत येते.

पण खरी चलाखी हत्यारात आहे. पॉलला एक नजराणा येतो: डंकन आयडाहो, त्याला वाचवताना मेलेला त्याचा जुना शिलेदार. त्लेलाक्सू लोकांनी त्याचा देह पुन्हा घडवला आहे. डोळे धातूचे, नाव हेट, आणि जुन्या आठवणी पुसलेल्या. त्याला शिक्षण दिलंय ते तत्त्वज्ञानाचं! (हशा) हसा, पण आमच्या व्यवसायातल्या माणसाला मारेकरी म्हणून पाठवण्याची कल्पना आम्हाला तरी मानाची वाटली. पॉल त्याला विचारतो की तुला कशासाठी पाठवलंय, आणि तो सरळ सांगतो की तुमच्या नाशासाठी. लपवाछपवी नाही. त्लेलाक्सूंचा एक दंडक आहे: सावजाला सुटकेची एक वाट ठेवायची. इथे ती वाट म्हणजे हेटला परत पाठवणं. पॉल ती घेत नाही, कारण समोर मित्राचा चेहरा आहे. गोळी चुकवता येते हो. हरवलेला मित्र दारात उभा राहिला तर काय चुकवणार?

धर्मकारण इथे कथानकाच्या मुळाशी जातं. कटवाल्यांना ठाऊक आहे की पॉलला नुसतं मारलं तर हुतात्मा तयार होईल, आणि जिवंत देवापेक्षा मेलेला देव सोयीचा. मेलेला बोलत नाही, मत बदलत नाही, पुजाऱ्याला खोटं पाडत नाही. म्हणून त्यांना देह नकोच आहे, त्यांना देवपण मोडायचंय. उलट पॉलचाच पुजारीवर्ग, किझारेट म्हणतात त्याला, त्यातला कोर्बा कटात सापडतो. कधीकाळी हाच कोर्बा पॉलसाठी जीव ओवाळून टाकणाऱ्या फेदायकिनांपैकी होता. ‘फेदायकिन’ हा शब्द ऐकून काही आठवतं? अलामूतच्या किल्ल्यातले फिदाई. हसन-इ-सब्बाहने १०९० मध्ये तो किल्ला घेतला आणि १०९२ मध्ये सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क मारला गेला. परंपरेने सांगितलं जातं की मारेकरी सूफी फकिराच्या वेषात अर्ज घेऊन आला होता. आपण मराठीत एखाद्यावर ‘फिदा’ होतो, तो शब्द याच कुळातला. मुळात स्वतःला वाहून टाकणं. भक्त, शिलेदार, मारेकरी आणि पुजारी हे अंतर किती थोडं आहे, हे हर्बर्ट एका कोर्बात दाखवतो.

थोडक्यात, शत्रूंना देव मारायचाय. पुजाऱ्यांना माणूस मारून देव ठेवायचाय. आणि पॉलला स्वतःला देव मारून माणूस ठेवायचाय, जमलं तर चानीसकट. हा तिसरा कट कोणी उच्चारत नाही, पण कादंबरी त्यावर उभी आहे.

आमच्याकडे नारायणराव पेशव्यांच्या १७७३च्या खुनाबद्दल ‘ध चा मा’ची आख्यायिका आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि गारद्यांनी पोर कापलं. ती खरी की खोटी हे इतिहासकार बघतील; कथेच्या दृष्टीने ती अस्सल आहे, कारण हुकूम आणि हात यांच्यामधल्या फटीत ती घडते. हर्बर्टही त्याच फटीत काम करतो. बिजाझ नावाचा बुटका हेटच्या मनात हुकूम पेरून ठेवतो: चानी गेली असं पॉल म्हणाला की वार करायचा. तो क्षण येतो, हात उठतो, आणि ज्याच्यासाठी आपण एकदा मेलो त्यालाच मारायला निघालोय या धक्क्याने हेटच्या आतला डंकन जागा होतो. इथे ‘मा’चा पुन्हा ‘ध’ झाला म्हणा. आणि हे जागं होणंसुद्धा कटातच धरलेलं होतं! कारण आता त्लेलाक्सू म्हणू शकतात: बघा, मेलेला माणूस पुरता परत आणता येतो. चानीही आणून देऊ. त्या बदल्यात साम्राज्य द्या. म्हणजे वार फसला तरच सौदा सुरू होतो. इतकी घट्ट वीण आम्ही फार थोड्या विज्ञानकथांत पाहिली आहे.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. पात्रं बोलतात फार. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाक्याला कोडं घालतो. चानीला कथानकात मरण्यापलीकडे फारसं काम नाही. तिला गुपचूप गर्भनिरोधक देणारी इरुलान शेवटी पालटते, ते आपल्याला नुसतं कळवलं जातं, दिसत नाही. पॉल आंधळा झाल्यावरही भविष्यदृष्टीच्या आधाराने सगळं ‘पाहत’ फिरतो, हे ओढूनताणून आहे. मग ती दृष्टीही जाते आणि नवजात मुलाच्या डोळ्यांतून पाहून तो स्कायटेलवर सुरी फेकतो, तिथे तर आम्ही लेखकाला उसने पैसे दिल्यासारखी सवलत देतो.

नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवते का? विश्वासरावांची गोळी हुकते आणि इतिहासाला दुसरा फाटा फुटतो. रणांगणावरच्या सेनानीबाबत ही कल्पना पटते. धर्माच्या सत्तेत ती जशीच्या तशी चालत नाही, एवढंच आमच्या मित्राला सांगायचं होतं. तुझ्या कथेत गोळी लागल्यावर लोक मोकळे झाले. उद्या सकाळी त्या ग्रहावर समाधी बांधली जाणार नाही का? किल्ली कोणाकडे असेल? आणि ज्याच्या हातात पिस्तूल होतं त्याला हे कोणी पढवलं? आपल्या राज्यात विचार मांडणारी म्हातारी माणसं सकाळी फिरायला गेली आणि परत आली नाहीत, याला अजून फार वर्षं झालेली नाहीत. मारेकऱ्याला नायक करताना आमचा हात थरथरतो तो वयामुळे नाही.

तेव्हा शेवटचं पान काढून टाक आणि त्या पानापासून कथा सुरू कर. एक प्रसंग पुन्हा वाच. स्कायटेल मेल्यावर बिजाझ तोच सौदा परत मांडतो. पॉलला मोह होतोय, चानी परत मिळेल. आपण नाही म्हणू शकणार नाही हे त्याला कळतं, म्हणून तो डंकनला बिजाझला मारायला सांगतो. आणि डंकन मारतो. आत्ताच दुसऱ्याच्या हुकुमातून सुटलेला माणूस, मित्राच्या शब्दावर. हा खून की मारेकऱ्याचं काम? आम्ही तीन वेळा वाचलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. तुझं काय येतं ते लिहून आण. पुढच्या महिन्यात, याच वेळी.