तीन रेडिएटरचे कॅबिनेट : मावणे आणि थंड करणे

बारावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तीन रेडिएटर मावणारे कॅबिनेट घेतले तर संगणक तिप्पट थंड राहील ना?" प्रश्न खर्चाचा होता आणि पैसे वडिलांचे होते. म्हणून उत्तर जाहिरातीवरून न देता भौतिकशास्त्रावरून द्यायचे ठरवले.

उदाहरण म्हणून लियान ली या तैवानी कंपनीचे ओ-११ डायनॅमिक हे २०१८ सालचे कॅबिनेट घेऊ. 'डेरबाउअर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन तंत्रज्ञ रोमान हार्टुंग यांच्या सहकार्याने ते तयार झाले. वर, खाली आणि बाजूला, असे ३६० मिलिमीटरचे तीन रेडिएटर त्यात बसतात. पुढची आणि डावी बाजू काचेची आहे. वीजपुरवठ्याचा खोका मदरबोर्डाच्या मागच्या कप्प्यात टाकल्यामुळे तळ मोकळा झाला. ही मांडणी खरोखर कल्पक आहे. पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली, यात नवल नाही.

आता उणिवा पाहू. समोर काच असल्यामुळे तिथून हवा आत येत नाही आणि मागे पंख्याची सोय नाही. म्हणजे हवेचे येणे-जाणे मुख्यतः रेडिएटरच्याच तीन जागांतून व्हायचे. तळातून आणि बाजूने हवा आत घेतली, तर वरच्या रेडिएटरच्या वाट्याला आधीच तापलेली हवा येते. तिन्हीकडून हवा बाहेर फेकली, तर आतला दाब कमी होऊन फटींतून धूळ ओढली जाते. त्या वाटेवर जाळी नसते.

याची किंमत किती? गणित करून पाहू. समजा, संगणकातून ४८० वॅट उष्णता पाण्यात येते आणि प्रत्येक रेडिएटरमधून सेकंदाला ४० लिटर हवा वाहते. या हवेचे वस्तुमान सुमारे ०.०४८ किलोग्रॅम, म्हणजे तिचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४८ ज्यूल लागतात. समजा, एकाच रेडिएटरवर पाणी खोलीच्या हवेपेक्षा १८ अंशांनी गरम राहते. दोन रेडिएटर लावून दोघांनाही ताजी हवा दिली, तर हा फरक ९ अंशांवर येईल. तिसऱ्यालाही ताजी हवा मिळाली, तर ६ अंशांवर. पण तिसऱ्याला पहिल्या दोघांची तापलेली हवा मिळाली, तर तो जेमतेम निम्मे काम करतो आणि फरक सुमारे ७.४ अंश राहतो. थोडक्यात, दुसऱ्या रेडिएटरने ९ अंश वाचवले, तिसऱ्याने दोनही नाहीत.

पाणी उष्णता नाहीशी करत नाही, ती फक्त वाहून नेते. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त असल्यामुळे ते तापायला वेळ लागतो, इतकेच. तासाभराने हिशेब हवेवरच येऊन थांबतो. आणि ती ४८० वॅट उष्णता शेवटी खोलीतच येते. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल, तर कितीही रेडिएटर लावले तरी पाणी ३८च्या खाली जाणार नाही.

मापांतही एक फसगत आहे. '३६०' म्हणजे १२० मिलिमीटरच्या तीन पंख्यांची लांबी. दोन्ही टोकांच्या टाक्या धरल्या, तर रेडिएटर साधारण ४०० मिलिमीटरपर्यंत जातो. जाडीचेही तसेच : रेडिएटर सुमारे ३० आणि पंखा २५, मिळून ५५ मिलिमीटर. जाड रेडिएटर घेतला तर हा आकडा ८५पर्यंत जातो, आणि मग तो मदरबोर्डाला किंवा ग्राफिक्स कार्डाला अडू शकतो. 'तीन मावतात' या वाक्यात जाडी किती धरली आहे, हे विचारायलाच हवे.

म्हणून आमचे मत असे : जागेच्या मांडणीसाठी या कॅबिनेटला पैकीच्या पैकी गुण, पण हवेच्या मार्गासाठी निम्मेच. ज्याला दोन रेडिएटर पुरतात, त्याने दोघांनाही ताजी हवा देणारे, जाळीदार दर्शनी भागाचे साधे कॅबिनेट घ्यावे.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग : पुठ्ठ्याचे ४०० × १२० × ५५ मिलिमीटरचे तीन ठोकळे करा आणि कॅबिनेटच्या आतील मापांच्या खोक्यात बसवून पाहा. मग प्रत्येक ठोकळ्यावर हवेचा बाण काढा. ज्याचा बाण दुसऱ्या ठोकळ्यातून येतो, त्यावर पैसे घालण्यापूर्वी पुन्हा विचार करा. आमच्या विद्यार्थ्याने तसेच केले, आणि दोनच रेडिएटर घेतले.