पोच, वेग आणि संख्या : ई-मेल सर्व्हरच्या मापनकसोट्यांची चिकित्सा

ई-मेल सर्व्हरची कार्यक्षमता एकाच संख्येत सांगण्याचा प्रघात आता पंचवीस-तीस वर्षांचा झाला आहे. मिनिटास इतके संदेश, तासास इतकी सत्रे, अथवा एका यंत्रावर इतके हजार वापरकर्ते, अशा रूपात ही संख्या विक्रेत्यांच्या पत्रकांत आणि संशोधकांच्या तक्त्यांत सारखीच आढळते. मध्यम आकाराच्या कचेरीसाठी यंत्र विकत घेणारा अधिकारी बहुधा तिच्याच आधारे निर्णय घेतो. अशी संख्या ज्या ठरीव प्रयोगातून निघते त्या प्रयोगास संगणकक्षेत्रात बेंचमार्क म्हणतात. येथे त्यास मापनकसोटी म्हटले आहे. या कसोट्यांचे समर्थन आणि खंडन पुष्कळ झाले आहे. परंतु वाद बहुतेक वेळा संख्या लहान की मोठी, यंत्र जुने की नवे, एवढ्यापुरताच राहतो. ही संख्या नेमकी कशाची, हा मूळ प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुरोधाने काही प्रसिद्ध कसोट्यांचा विचार करावयाचा आहे.

१

टपालखात्यात नोंदणीकृत पत्राची पावती हाती पडली की पाठविणारा निश्चिंत होतो. कारण त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी खात्याकडे जाते. ई-मेलच्या व्यवहारातही अशीच एक पावती आहे. संदेशाचा मजकूर संपल्याची खूण पोहोचली की घेणारा सर्व्हर २५० या क्रमांकाचे उत्तर देतो, आणि ते मिळताच पाठविणारा सर्व्हर आपल्या रांगेतील प्रत काढून टाकतो. एसएमटीपी या प्रोटोकॉलची जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली केलेली मांडणी आरएफसी ८२१ म्हणून ओळखली जाते. पुढे १९८९ च्या आरएफसी ११२३ ने या उत्तराचा अर्थ निःसंदिग्ध केला. २५० असे उत्तर देणारा सर्व्हर संदेश पोहोचविण्याची अथवा पुढे धाडण्याची जबाबदारी स्वीकारतो, आणि यंत्र बंद पडले यासारख्या क्षुल्लक कारणाने त्याने तो संदेश गमावता कामा नये, असा तेथील दंडक आहे. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही तो कायम आहे.

यावरून मापनाचे एकक ठरते. ई-मेल सर्व्हर बाइट हलविण्याचे काम करतोच, परंतु ते काम कोणताही फाइल-सर्व्हर करील. ई-मेल सर्व्हरचे विशेष काम म्हणजे पोच देणे आणि दिलेली पोच निभावणे. तेव्हा मिनिटास किती संदेश, या प्रश्नाचा खरा अर्थ मिनिटास निभावण्याजोग्या किती पोचा, असाच घ्यावयास हवा.

२

या निभावणीस मोल पडते, आणि ते साध्या अंकगणिताने दाखविता येते. प्रोग्रामने फाइलमध्ये मजकूर लिहिला म्हणजे तो डिस्कवर गेला असे होत नाही. कार्यप्रणाली तो काही काळ स्मृतीत ठेवते, आणि त्या अवधीत वीज गेली तर तो नाहीसा होतो. म्हणून दक्ष मेल-प्रोग्राम पोच देण्यापूर्वी एफसिंक या आज्ञेने मजकूर कायम माध्यमावर उतरविण्याचा आग्रह धरतो. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदास १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात. एकामागून एक होणाऱ्या अशा लेखनांपैकी प्रत्येकास साधारणतः एका फेऱ्याइतकी प्रतीक्षा घडते, असे धरले तर एका डिस्कवर सेकंदास १२० च्या आसपास लेखने होतील. संदेश प्रथम रांगेत आणि मग वापरकर्त्याच्या पेटीत असा दोनदा लिहावा लागत असेल, तर हा आकडा सेकंदास ६० संदेशांवर, म्हणजे मिनिटास ३,६०० वर येतो. निर्देशिकेतील नोंदींचे लेखन वेगळे धरल्यास तो आणखी खाली जातो. अनेक सत्रांची लेखने एकत्र उरकून प्रोग्राम या मर्यादेवर काही अंशी मात करू शकतो, हे खरे; परंतु मोल चुकविल्यावाचून सुटका नाही. उलट एफसिंक वगळले, अथवा डिस्कने आपल्या तात्पुरत्या कॅशमध्येच मजकूर ठेवून 'लिहिले' असे खोटे सांगितले, तर तेच यंत्र अनेक पटींनी वेगवान दिसते. दोन्ही प्रसंगी पाठविणाऱ्यास मिळणारे उत्तर २५० हेच असते. कसोटीचा तक्ता दोहोंत भेद करीत नसेल, तर तो निष्काळजीपणास बक्षीस देतो.

३

या दृष्टीने पोस्टमार्क ही कसोटी प्रथम तपासण्यासारखी आहे. नेटवर्क अप्लायन्स या कंपनीतील जेफ्री कॅचर यांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली. मेल व वृत्तसेवा यांसारख्या कामांत असंख्य लहान, अल्पायुषी फाइली निर्माण होतात आणि पुसल्या जातात, हे तिने हेरले. मोठ्या फाइलींच्या सलग वाचन-लेखनावर आधारलेल्या तत्कालीन कसोट्यांहून ती या बाबतीत निश्चित पुढे होती. तिचा प्रोग्राम लहान, समजण्यास सोपा आणि कोठेही चालविता येण्याजोगा होता. जिम ग्रे यांनी १९९१ मध्ये संपादिलेल्या ग्रंथात चांगल्या कसोटीची चार लक्षणे सांगितली आहेत: प्रस्तुतता, सुवाह्यता, प्रमाणवृद्धीची क्षमता आणि सुगमता. यांपैकी दुसरे आणि चौथे लक्षण पोस्टमार्कला पुरेपूर लागू पडते.

पहिल्या लक्षणापाशी मात्र अडचण येते. मूळ पोस्टमार्क एफसिंक करीतच नाही. शिवाय तिच्या मूळ मांडणीत केवळ ५०० फाइली आणि ५०० व्यवहार धरलेले आहेत. एवढा पसारा आजच्या सोडाच, त्या काळच्या यंत्राच्याही स्मृतीत सहज मावतो. परिणामी डिस्कची परीक्षा घ्यावयास निघालेला प्रयोग बराचसा स्मृतीची परीक्षा घेऊन परततो. मेल-पेटीतील फाइलींची हालचाल पोस्टमार्कने घेतली, आणि ती हालचाल ज्या हमीसाठी होते ती हमी तेवढी गाळली. २००८ मध्ये ट्रेगर, झाडोक, जुकोव्ह आणि राइट यांनी १०६ संशोधनलेखांतील ४१५ मापनप्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा लोकप्रिय कसोट्यांपैकी बहुतेक सदोष असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. दोष केवळ कसोटीकर्त्याचा नव्हता. सोयीची संख्या विनाचौकशी वापरणारे संशोधकही त्यात वाटेकरी होते.

४

स्पेक या संस्थेच्या कसोट्या याहून पुष्कळ गंभीर होत्या. २००१ मधील स्पेकमेल२००१ ही एसएमटीपी आणि पॉप३ या प्रोटोकॉलांवर आधारलेली असून तिचे माप मिनिटास संदेश असे होते. पुढे स्पेकमेल२००९ ने एसएमटीपीच्या जोडीस आयमॅप घेतला आणि तासास सत्रे हे माप स्वीकारले. आज या कसोट्या निवृत्त झाल्या असल्या, तरी त्यांच्या नियमावल्या वाचनीय आहेत. २००१ च्या कसोटीत वेगाबरोबर प्रतिसादाचीही अट होती: प्रत्येक प्रकारच्या क्रियेपैकी ९५ टक्के क्रिया ५ सेकंदांच्या आत पुऱ्या झाल्या पाहिजेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्वीकारलेला मेल वीज गेली तरी टिकेल अशाच माध्यमावर ठेवला पाहिजे, असा स्पष्ट नियम होता. पोचेची जबाबदारी या नियमावलीने ओळखली होती, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

तथापि नियम आणि मापन यांत येथेही अंतर राहिले. वेग प्रत्यक्ष मोजला जाई. सुरक्षित साठवण मात्र मांडणीच्या वर्णनावरून मान्य केली जाई. प्रयोगाच्या मध्यावर वीज तोडून पोच दिलेले संदेश शिल्लक आहेत की नाहीत हे पाहण्याची तरतूद मापनाच्या प्रोग्राममध्ये नव्हती. म्हणजे एक गोष्ट तराजूवर तोलावयाची आणि दुसरी शब्दावर विश्वासावयाची, असा हा व्यवहार होता. लेखापरीक्षेत तो चालला नसता.

५

विशिष्ट उत्पादनांसाठी निघालेल्या कसोट्यांनी वेगळाच घोटाळा निर्माण केला. लोटस नोट्ससाठी नोट्सबेंच आणि मायक्रोसॉफ्ट एक्सचेंजसाठी एमएमबी, एमएमबी२ व एमएमबी३ अशी मापे प्रचारात आली. व्यापारी यंत्रांच्या जाहिरातींत त्यांतून काही हजार 'वापरकर्ते' झळकू लागले. हा वापरकर्ता म्हणजे एक प्रोग्राम होता. त्याने दिवसास किती पत्रे पाठवावीत, किती वाचावीत आणि त्याची पेटी केवढी असावी, हे सारे कसोटीकर्त्याने ठरविलेले. कामाची मांडणी बदलली की त्याच यंत्रावरील वापरकर्त्यांची संख्या बदले. म्हणूनच एमएमबीच्या एका आवृत्तीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नसत. ही संख्या म्हणजे प्रत्यक्ष वसविण्याजोग्या माणसांची संख्या नव्हे, असा इशारा मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. परंतु एककाला वापरकर्ता हे नाव एकदा दिल्यावर तळटीपेतील इशारा कोण वाचतो? पाचशे कर्मचाऱ्यांच्या कचेरीस पाच हजारांचे यंत्र दसपट पुरेसे, असा हिशेब करणाऱ्यास दोष देता येत नाही. शब्दाने त्यास तसे करावयास शिकविले आहे.

६

भार निर्माण करण्याच्या रीतीतही पोचेचाच प्रश्न दडलेला आहे. पोस्टफिक्सबरोबर मिळणाऱ्या एसएमटीपी-सोर्स यासारख्या साधनात ठरावीक संख्येची सत्रे समांतर चालतात, आणि प्रत्येक सत्र पोच मिळेपर्यंत थांबून मगच पुढचा संदेश देते. सर्व्हर मंदावला की भार देणाराही मंदावतो. अशा बंद मांडणीत रांग ठरीव संख्येपलीकडे वाढूच शकत नाही. प्रत्यक्षात बाहेरचे जग कोणासाठी थांबत नाही. सकाळी दहाच्या सुमारास येणारी पत्रे सर्व्हरची सवड पाहून येत नाहीत. श्रोडर, वीरमन आणि हार्चोल-बाल्टर यांनी २००६ मध्ये दाखविले की, खुल्या आणि बंद मांडणीत एकाच यंत्राचे प्रतिसादकाल कमालीचे भिन्न येऊ शकतात. एका सेवकाच्या साध्या रांगेचे गणितही हेच सुचविते. आगमने व सेवाकाल यदृच्छ मानल्यास, यंत्र ५० टक्के व्यग्र असता सरासरी प्रतिसाद सेवाकालाच्या दुप्पट असतो. ८० टक्क्यांस पाचपट, ९० टक्क्यांस दसपट आणि ९५ टक्क्यांस वीसपट होतो. तेव्हा कमाल वेग हा आकडा कचेरीच्या नित्य व्यवहारासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतो, कारण त्या वेगाशी प्रतीक्षा असह्य झालेली असते.

या प्रतीक्षेचा दुष्परिणाम केवळ त्रासापुरता नाही. १९८८ च्या आरएफसी १०४७ ने एक सूक्ष्म गोष्ट नजरेस आणली. पोच देण्यास फार विलंब झाला तर पाठविणारा कंटाळून संबंध तोडतो आणि तोच संदेश पुन्हा धाडतो. घेणाऱ्याकडे दोन प्रती होतात. म्हणून पोच सुरक्षित असावी आणि सत्वरही असावी, अशा दोन अटींच्या ताणात मेल-सर्व्हर उभा असतो. केवळ वेग मोजणारी कसोटी हा ताणच नाहीसा करून टाकते.

७

यावर एक आक्षेप संभवतो. बॅटरीने राखलेली कॅश असलेले नियंत्रक आणि वीज जाताच कपॅसिटरच्या बळावर लेखन पुरे करणाऱ्या एसएसडी यांमुळे एफसिंकचे मोल आज पुष्कळ उतरले आहे. मग हा सारा विचार फिरत्या डिस्कच्या जमान्यातला नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. मोल उतरले ते विशिष्ट घटक असलेल्या यंत्रांपुरते. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन एसएसडींपैकी एकीत ही सोय असते, दुसरीत नसते. आभासी यंत्रात पाहुण्या प्रणालीने दिलेली एफसिंकची आज्ञा यजमान प्रणाली मांडणीनुसार पाळते किंवा दुर्लक्षिते. डव्हकॉटसारख्या सर्व्हरमध्ये एफसिंक सदैव, गरजेपुरते किंवा मुळीच नाही, असे पर्याय एका ओळीच्या बदलाने निवडता येतात. जेथे हमी इतक्या ठिकाणी अदृश्यपणे सुटू शकते, तेथे ती गृहीत धरण्याऐवजी मोजणे अधिकच अगत्याचे ठरते.

असे मापन दुष्कर नाही. भार देणारे यंत्र वेगळे ठेवावे; प्रत्येक संदेशास अनुक्रमांक द्यावा; ज्या ज्या क्रमांकास २५० मिळाले त्यांची यादी त्याच यंत्रावर राखावी. भर कामात सर्व्हरची वीज तोडावी, तो पुन्हा सुरू करावा, रांग रिकामी होऊ द्यावी, आणि पेट्यांतील क्रमांक यादीशी ताडून पाहावेत. यादीत असून पेटीत नसलेला प्रत्येक संदेश म्हणजे मोडलेला शब्द होय. दुबार आलेले संदेश वेगळे मोजावेत. ते उपद्रवी असले तरी प्रोटोकॉलच्या दृष्टीने हरवण्याइतके गंभीर नाहीत. एकदा हानी दिसली नाही म्हणून हमी सिद्ध होत नाही, यास्तव प्रयोग अनेकदा करावा आणि वीज तोडण्याचा क्षण दर वेळी बदलावा.

पदव्युत्तर प्रबंधांत व विभागीय प्रयोगांत येणाऱ्या तक्त्यांकडून याहून फारशी अपेक्षा नाही. पोच केव्हा दिली जाते, कोणती कॅश चालू होती, भार खुला होता की बंद, किती भारावर प्रतिसादाची अट पाळली गेली, आणि वीज तोडल्यावर किती पोचा खोट्या ठरल्या, एवढे पाच तपशील संख्येच्या शेजारी असले म्हणजे ती संख्या वाचण्याजोगी होते. ते नसतील तर मिनिटास दहा हजार संदेश घेणारा सर्व्हर मिनिटास हजार घेणाऱ्याहून चांगला आहे, असे म्हणण्यास आधार नाही. कारण पहिल्याने किती संदेश घेतले एवढेच कळते, किती राखले ते कळत नाही. आणि ज्याचे पत्र हरवले त्या मनुष्यास ते किती वेगाने स्वीकारले गेले होते, याच्याशी काही कर्तव्य नसते.