बयाणा, सौदा, लिलाव

आपल्या नव्या लेखकांच्या कथा वाचताना एक गोष्ट खटकते. पात्र बैल घेते, जमीन विकते, वीटभट्टीवर कामाला जाते. पण त्याच्या तोंडी बाजाराची भाषा नसते. 'बयाणा' जाऊन 'आगाऊ रक्कम' येते, 'सौदा' जाऊन 'व्यवहार' येतो, 'दलाल' जाऊन 'मध्यस्थ' येतो. कारण उघड आहे. आपली मराठी शुद्ध नाही, असे कोणी म्हणू नये, ही धास्ती. मुसलमान लेखकाला ही धास्ती इतरांपेक्षा जरा जास्त वाटते, हेही खरे.

ती निराधार आहे, हे कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहावे. तिथे 'खरेदी-विक्री संघ' अशी पाटी असते. खरेदी फारसी, विक्री संस्कृत. दोघी एका जोडचिन्हाने बांधलेल्या, आणि 'तालुका' अरबी. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्याचा शेवटचा वर्ग 'पण्यवर्ग', म्हणजे बाजाराच्या शब्दांचा. दरबाराने काही प्रतिशब्द स्वीकारले असतील. बाजाराने मात्र आपले शब्द सोडले नाहीत. पुढे माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि डॉ. यू. म. पठाण यांनी या दोन भाषांच्या नात्याचा आयुष्यभर अभ्यास केला. हा वारसा आपण कशासाठी लपवतो?

'लिलाव' शब्दाचाच प्रवास पाहा. तो पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीजांना अरबांकडून मिळाला. मुळात अर्थ जाहीर करणे असा. अंदलुसहून निघालेला शब्द जहाजात बसून पश्चिम किनाऱ्याला लागला. विदर्भ-मराठवाड्यात याच अर्थाचा 'हर्रास' चालतो, तो थेट अरबी 'हराज'वरून. तिथे रेतीघाटाचा हर्रास होतो. लासलगावी कांद्याचे लिलाव होतात, तर सांगलीत हळदीचे 'सौदे' निघतात. दक्षिण महाराष्ट्रात जत्रेत मानाच्या वस्तूसाठी 'सवाल' बोलतात. आणि 'बोली' तर सगळीकडेच. गंमत अशी की बोली म्हणजे भाषा आणि बोली म्हणजे भावही. तोंडातून निघालेला शब्द मागे घेता येत नाही, ही बाजाराची नीती त्या एका शब्दात आहे. 'ऑक्शन'मध्ये ती कुठून येणार?

लिलावाची एक घटना आपल्या घराघरांत सांगितली जाते. मागायला आलेल्या एका अन्सारी माणसाची चादर आणि प्याला पैगंबरांनी (स.) लोकांसमोर मांडले. एकाने एक दिरहम सांगितला, कोणी वाढवतो का असे विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. त्यातून कुऱ्हाड आली आणि माणूस लाकडे विकू लागला. फिक्हमध्ये चढत्या बोलीच्या विक्रीला 'मुझायदा' म्हणतात. घ्यायचे नसताना नुसता भाव फुगवणाऱ्या बोलीला 'नज्श' म्हणतात आणि तिला मनाई आहे. नज्शचा मूळ अर्थ शिकार उठवणे! जे आपल्याजवळ नाही ते विकू नये, असाही नियम आहे. हा नियम जरा लक्षात ठेवू, तो पुढे लागणार आहे.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर भातसा नदीकाठी सापगाव आहे. या दोन तालुक्यांत विक्रीचे शब्द कसे जगतात, ते पाहण्यासारखे आहे. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने. बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आहे. तिथे बोली आहे पण बोलणे नाही. बाजार समित्यांच्या कायद्याने शेतमालाला उघडा लिलाव आणला तो याच गुप्ततेवर उपाय म्हणून. २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हापासून 'भाकड' आणि 'सौदा' हे शब्द शेजारी बसत नाहीत. हा बदल शेतकऱ्याच्या आणि कुरेशी व्यापाऱ्याच्या, दोघांच्याही भाषेत झाला आहे. कथेत तो क्वचितच दिसतो.

आता 'बयाणा'. अरबी 'बैअ' म्हणजे विक्री, त्यावरून बयाणा म्हणजे विक्री पक्की करणारी रक्कम. बैलाचा बयाणा देतात, घराचा देतात. पण ठाणे जिल्ह्यात पावसाळा संपता संपता वीटभट्टीचा मालक कातकरी कुटुंबाला पैसे देतो, त्यालाही बयाणाच म्हणतात. कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जाते आणि पावसाळ्यापर्यंत ते पैसे फेडते, फिटले तर. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली. १९८०च्या दशकापासून श्रमजीवी संघटना या जिल्ह्यात त्यासाठी झगडली. कायद्याने जे लपले ते शब्दाने उघडे ठेवले: इथे विकली जाते ती वीट नव्हे. 'आगाऊ रक्कम' लिहिणारा लेखक नकळत भट्टीमालकाची बाजू घेतो, असे मी म्हणेन. आगाऊ रक्कम साहेबालाही मिळते.

उलट बाजूचे उदाहरण जमिनीच्या दस्तातले. त्यावर 'कायम खुशखरेदीखत' असे लिहिलेले असते. विकणारा धाय मोकलून रडत असला तरी खरेदी खुशीची. शिवाय तो दस्तात विकणारा म्हणून येतच नाही, तो 'लिहून देणार' असतो आणि समोरचा 'लिहून घेणार'. अंगठा उठवणाराही लिहून देणारच. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातही जमिनी गेल्या, बऱ्याचशा 'थेट खरेदी'ने. 'थेट' म्हणजे दलालाविना. बिचारा दलाल! अरबीत वाट दाखवणारा तो दलाल. 'दीपावली' काढणाऱ्या चित्रकार दीनानाथांचे ते आडनाव होते. आज मराठीत ती शिवी आहे.

शब्दाचा अर्थ कुठे वाकतो ते पाहायचे तर, माल काय आणि मालक कोण, हे विचारावे. आयपीएलमध्ये २००८ पासून खेळाडूंचा लिलाव होतो, 'विकला गेला' असे आपण सहज म्हणतो. पण नाव त्यानेच दिलेले असते आणि पैसे त्यालाच मिळतात. नाशिक जिल्ह्यात उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यात खोंडामळी इथे सरपंचपदाची बोली लागली, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने निवडणूकच रद्द केली. पद गावाच्या मालकीचे नव्हते, ते मताचे होते.

आणि जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स', मग १ जानेवारी २०२२ला 'बुल्ली बाई'. मुसलमान पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी यांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मराठी बातम्यांतही लिलाव हाच शब्द आला. विक्री कसलीच झाली नव्हती, होऊही शकत नव्हती. तिथे अपमान हाच माल होता. लिलाव म्हटले की निदान एक मालक गृहीत धरला जातो, म्हणून या बातम्यांत तो शब्द अवतरणचिन्हांशिवाय छापणे मला चूक वाटते. ज्यांचे फोटो लावले त्यांतल्या काहींनी स्वतः जाऊन फिर्याद दिली आणि मुंबई-दिल्लीच्या पोलिसांनी अटका केल्या. फिर्याद हाही फारसी शब्द. फारसीत त्याचा अर्थ आक्रोश असा आहे. आपल्याकडे तो ठाण्यात नोंदवायचा कागद झाला.