टॅरो-पत्ते : योग, रूढी आणि प्रामाण्य

एखाद्या चिन्हाचा उगम कोणता, त्याचा अर्थ कोणता आणि त्या अर्थाच्या आधारे केलेले विधान खरे की खोटे, हे तीन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. शब्दांच्या बाबतीत हा भेद भाषाभ्यासकाच्या परिचयाचा असतो. ‘कुशल’ ह्या शब्दाच्या मुळाशी कुश खुडण्याची क्रिया दाखविली जाते, म्हणून कुशल कारागिराच्या हाती कोणी दर्भ शोधीत नाही. चित्रमय चिन्हांच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो. टॅरो-पत्त्यांविषयीचे वाङ्मय हे त्याचे ठळक उदाहरण होय. गूढवादी लेखकांनी ह्या पत्त्यांच्या उगमावरून अर्थ सिद्ध केला आणि अर्थावरून प्रामाण्य. उलटपक्षी, उगम लौकिक ठरताच अर्थही निकालात निघाला, असे समजणारे खंडनकारही आढळतात. दोन्ही पक्षांची गफलत एकाच जातीची आहे.

१

टॅरोच्या रूढ संचात ७८ पत्ते असतात. त्यांपैकी ५६ पत्ते पेले, नाणी, तलवारी व दंड अशा चार रंगांत विभागलेले असतात. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा आणि गुलाम, घोडेस्वार, राणी व राजा हे चार, असे चौदा पत्ते होतात. उरलेल्या २२ पत्त्यांवर सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, सैतान, मनोरा, चंद्र, सूर्य इत्यादी चित्रे असतात. पत्त्यांच्या नेहमीच्या खेळात चार रंगांपैकीच एखादा हुकूम ठरतो; येथे ह्यांतील २१ चित्रे हाच कायमचा हुकूम असून, ‘मूर्ख’ हा बाविसावा पत्ता रंगाला रंग देण्याच्या बंधनातून खेळणाऱ्याची सुटका करतो. म्हणजे संचाची रचनाच खेळाच्या नियमांतून उलगडते.

ऐतिहासिक पुरावाही हेच सांगतो. युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचले; १३७७ साली फ्लॉरेन्सने त्यांच्यावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेल्या ममलूक संचात पेले, नाणी, तलवारी आणि चौगानच्या काठ्या असे चार रंग आहेत. चौगानचा खेळ युरोपास अपरिचित होता, त्यामुळे काठीचा नुसता दंड झाला. चिन्ह एका समाजातून दुसऱ्यात जाताना त्याचे नवे वाचन कसे होते, याचा हा नमुना. पुढे मराठीनेही तेच केले. युरोपीय पत्त्यांवरील हृदयाच्या आकृतीला आपण ‘बदाम’ म्हणतो.

हुकुमाच्या चित्रांची भर पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पडली. १४४० साली फ्लॉरेन्समध्ये आणि १४४२ साली फेराराच्या दरबारी हिशेबात ‘त्रिओन्फी’ ह्या नावाने अशा पत्त्यांचा उल्लेख येतो. इंग्रजीतील ‘ट्रम्प’ हा शब्द ह्याच कुळातला. ‘तारोक्की’ हे नाव १५०५ पासून आढळते. मिलानच्या राजकुलासाठी रंगविलेल्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचाचे ७४ पत्ते उपलब्ध असून ते मुख्यतः न्यूयॉर्क व बेर्गामो येथील संग्रहांत आहेत. त्या चित्रांवर क्रमांक नाहीत. क्रम खेळणाऱ्यास पाठ असे, आणि तो मिलान, फेरारा व बोलोन्या येथे एकसारखा नव्हता.

पोप, मृत्यू व अंतिम न्यायाचा दिवस ही चित्रे खेळासाठी कशी असतील, अशी शंका घेतली जाते. तिला उत्तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात मिळते. तेथे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने असतात. दिवसा खेळताना रामाचा राजा आरंभ करतो, रात्री कृष्णाचा. अवतारांच्या चित्रांमुळे गंजिफा धर्मग्रंथ ठरत नाही. चित्राचा विषय आणि वस्तूचे प्रयोजन ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत.

२

टॅरोला पुरातन ज्ञानाचा ग्रंथ ठरविण्याचे कार्य फ्रेंच पंडित आंत्वान कूर द जेबलॅं याने १७८१ साली आपल्या ‘ल मोंद प्रिमितीफ’ ह्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात केले. त्याच्या मते हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्शियन पुरोहितांचा अवशिष्ट ग्रंथ. पुरावा म्हणून त्याने व्युत्पत्ती पुढे केली : ‘तार’ म्हणजे मार्ग, ‘रो’ म्हणजे राजा, म्हणून टॅरो हा राजमार्ग. ह्या वेळी इजिप्तची प्राचीन लिपी युरोपातील कोणासही वाचता येत नव्हती. रोझेटाचा शिलालेख सापडला तो १७९९ साली, आणि शांपोल्यॉंने लिपीची उकल जाहीर केली ती १८२२ साली. ज्या भाषेचा एकही प्राचीन लेख वाचता येत नाही, तिच्या नावावर शब्द घडवून त्यावर सिद्धान्त उभारण्याचा हा प्रकार होता.

त्याची पाठचिकित्साही तपासण्याजोगी आहे. एका पत्त्यावर एका पायाने उलटा टांगलेला मनुष्य असतो. इटलीत ह्या पत्त्याला ‘देशद्रोही’ असे नाव होते, आणि देशद्रोह्याचे असे उलटे चित्र काढून त्याची बदनामी करण्याची प्रथाही तेथे होती. अर्थ सरळ लागतो. परंतु कूर द जेबलॅंला चार प्रमुख सद्गुणांपैकी विवेकाचे चित्र हवे होते. तेव्हा त्याने असे ठरविले की, हा मूळचा जपून पाऊल उचलणारा मनुष्य असून अडाणी पत्तेकाराने तो उलटा छापला. सिद्धान्ताशी पाठ जुळेना, म्हणून पाठच भ्रष्ट ठरविला. हस्तलिखितांच्या संपादनात हा मोह पडलेला नाही, असे साहित्य क्वचितच असेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एलिफास लेवी याने २२ चित्रे हिब्रूच्या २२ अक्षरांशी जोडली. ही जोडणी क्रमावर अवलंबून असून तो क्रम फ्रान्समध्ये रूढ झालेला होता. बोलोन्याचा क्रम घेतला असता तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तेच चित्र आले नसते. पुढे लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ ह्या १८८८ साली स्थापन झालेल्या मंडळाने राशिचक्राशी मेळ घालण्यासाठी ‘न्याय’ व ‘बल’ ह्यांची अदलाबदल केली. १९०९ च्या वेट-स्मिथ संचात म्हणूनच बल आठवे आणि न्याय अकरावा आहे. येथेही सिद्धान्ताने पाठ बदलला.

३

येथपर्यंतचे विवेचन उगमाच्या कल्पित कथेचे झाले. तथापि तेवढ्याने टॅरोचे भविष्यकथनातील अर्थ अर्थ म्हणून रद्द होत नाहीत. रूढी ही योगापेक्षा बलवत्तर असते, हे आपल्या शास्त्रकारांचे मत येथे लागू करावयास हवे. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास बोलोन्यात पत्त्यांना ठरावीक अर्थ दिलेले आढळतात. १७८५ पासून पॅरिसमध्ये ‘एतेय्या’ ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या आलिएतने त्यांची पद्धतशीर मांडणी केली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या वाचक व पृच्छक ज्या संकेतावर एकमत आहेत, तो संकेत अर्वाचीन आहे. पण संकेत आहे.

वेट-स्मिथ संचाचे महत्त्वही येथेच कळते. आर्थर वेटच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ हिने केवळ हुकुमालाच नव्हे, तर पंजा-छक्क्यांसारख्या संख्यादर्शक पत्त्यांनाही प्रसंगचित्रे दिली. पूर्वी पाच पेल्यांच्या पत्त्यावर पाच पेलेच असत. स्मिथच्या चित्रात सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहणारी शोकमग्न व्यक्ती दिसते, आणि दोन पेले तिच्या पाठीमागे उभे असतात. अंक होता तेथे कथा आली. पाठांतरावाचून वाचणे शक्य झाले. ह्या संचाच्या प्रसाराचे एक मोठे कारण हे आहे. तरीही त्याचे नाव दीर्घकाळ प्रकाशक रायडर आणि वेट ह्यांच्यावरूनच घेतले गेले, ही स्मिथच्या कर्तृत्वाची उपेक्षाच होय.

पत्ते मांडून वाचण्याची क्रिया वाक्यार्थाच्या मीमांसेला जवळची आहे. सुटा पत्ता पदासारखा असतो. भूत, वर्तमान, भविष्य अशी स्थाने पत्त्याची आकांक्षा निर्माण करतात. शेजारचा पत्ता सन्निधीने अर्थ नियमित करतो. आणि पृच्छकाचा प्रश्न योग्यता ठरवितो. म्हणूनच ‘मृत्यू’ हा पत्ता बहुधा अभिधेने वाचला जात नाही. बदल वा समाप्ती असा त्याचा लाक्षणिक अर्थ घेतला जातो. पत्त्यांवरून भविष्य पाहणे ही चिन्हव्यवस्था आहे, हे लेकोम्त्सेवा व उस्पेन्स्की ह्या सोव्हिएत अभ्यासकांनी १९६२ सालीच दाखविले. तर इतालो काल्व्हिनोने १९६९ मध्ये व्हिस्कोंती पत्त्यांच्या रांगांतून कथा रचून तिची निर्मितिक्षमता सिद्ध केली. त्याच्या कथांत तोच पत्ता दुसऱ्या प्रवाशाच्या कथेत दुसराच अर्थ देतो.

४

शेवटचा प्रश्न प्रामाण्याचा. वाक्य सुसंगत लागले म्हणून ते खरे ठरत नाही. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर याने ३९ विद्यार्थ्यांना, प्रत्येकाचे स्वतंत्र म्हणून, एकच स्वभाववर्णन दिले. पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन त्यांनी ते अचूक ठरविले. श्रोता सर्वसाधारण विधानात स्वतःचे आयुष्य भरतो, तेव्हा यथार्थतेचा अनुभव त्याचा असतो. भविष्याचे ज्ञान त्यातून सिद्ध होत नाही. आपला प्रश्न नव्याने पाहण्यास पत्ते एखाद्याला साहाय्य करतील. परंतु औषधोपचार, विवाह वा व्यवहार ह्यांचा निर्णय त्यांच्यावर सोपविणे म्हणजे लक्षणेला प्रमाण मानणे होय.

सारांश, टॅरोचा उगम खेळात आहे, अर्थ रूढीत आहे आणि भविष्यवाणीला प्रमाण नाही. ही तीन विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि त्यांतील कोणतेही दुसऱ्यावरून निष्पन्न होत नाही. भाषेच्या प्राचीनतेवरून तिची थोरवी आणि व्युत्पत्तीवरून शब्दाचा ‘खरा’ अर्थ ठरविण्याची प्रवृत्ती विद्यापीठीय लेखनातही अधूनमधून डोकावते. तिच्या चिकित्सेचा सराव करण्यास टॅरोइतके निरुपद्रवी साधन क्वचितच सापडेल.