खेळ मंद की मशीन मंद? 'राजी', मामांची पट्टी आणि एक ग्राफिक्स कार्ड

दिवाळीत उमरग्याला गेले होते. जेवणं झाल्यावर मामेभाऊ मोबाईल घेऊन शेजारी बसला. "ताई, कोणतं कार्ड घेऊ सांग की." स्क्रीनवर यादी तयार होती: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, लाल-निळे दिवे लागणारा कॅबिनेट. बेरीज पंच्याहत्तर हजारांच्या आसपास. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गेम बनवायचे आहेत. पैसे सोयाबीनच्या पट्टीतून येणार होते. मामांनी 'घे' म्हटलं होतं, पण म्हणताना माझ्याकडे बघितलं होतं. ताई पीएचडी करते, तिला कळत असेल, असा तो बघण्याचा अर्थ.

मला नक्की कळत नव्हतं. म्हणून मी त्याला उलटा प्रश्न केला, "कसला गेम बनवायचाय?" तो म्हणाला, "राजीसारखा."

आजची पोस्ट त्या उत्तराबद्दल आहे. ती 'राजी' या गेमची समीक्षा आहे. पण समीक्षा करताना माझी एक चूक झाली, आणि ती चूक संशोधनाच्या पहिल्या वर्षात आपण सगळेच करतो. त्यामुळे गेममध्ये रस नसेल तरी वाचा.

आधी ओळख. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा गेम. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम चालू राहिलं. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये पीसी व इतर कन्सोलवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. गोष्ट साधी आहे: राजी नावाची मुलगी, तिचा पळवून नेलेला धाकटा भाऊ गोलू, आणि त्याला शोधायला निघालेली बहीण. वाटेत महाल, तटबंद्या, असुर. दुर्गा आणि विष्णू वरून बघत असतात आणि तिच्याबद्दल आपसात बोलत असतात.

मी तो पहिल्यांदा उमरग्यातच खेळले, दोन उन्हाळ्यांपूर्वी, माझ्या लॅपटॉपवर. वहीत तेव्हा लिहिलेलं: 'दिसायला अप्रतिम. लढाई वाईट. बटण दाबल्यावर राजी उशिरा हलते. प्रसंगी दोन-दोन वार वाया जातात.' हेच मत मी वर्षभर चार लोकांना ऐकवलं.

नंतर हॉस्टेलवर पुन्हा खेळले, आणि राजी चक्क चपळ झाली होती. गेम तोच, लॅपटॉप तोच. मग बदललं काय? आठवलं की उमरग्यात मी खेळत होते ती मे महिन्यातली दुपार होती. लाईट गेलेली, पंखा बंद, पत्र्याखालची खोली, लॅपटॉप बॅटरीवर आणि तोही गादीवर ठेवलेला. बॅटरीवर असताना बहुतेक गेमिंग लॅपटॉप ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज कमी करतात. खालून हवा कोंडली की तापमान वाढतं आणि चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. म्हणजे माझ्या वहीत 'लढाई वाईट' म्हणून जी नोंद होती, तिचा काही भाग गेमचा नव्हताच. तो महावितरणचा, मे महिन्याचा आणि गादीचा होता.

आपल्या भाषेत सांगायचं तर उपकरणाची त्रुटी मी नमुन्याच्या नावावर टाकली. प्रयोगशाळेत असं कुणी केलं तर गाईड पहिल्याच मिटिंगला विचारतात, 'कॅलिब्रेशन केलं होतं का?' गेमबद्दल मत देताना मात्र मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

मग नीट करायचं ठरवलं. चार्जर लावला, लॅपटॉप टेबलावर. एकच लढाई पुन्हा पुन्हा, एका वेळी एकच गोष्ट बदलत. आधी रिझोल्युशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणलं. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, म्हणजे ग्राफिक्स चिपचं पिक्सेलचं काम निम्म्याहून कमी. मग सावल्या कमी केल्या. चित्र खरबरीत झालं, हालचाल मऊ झाली. तरी एक तक्रार उरली. राजीने वार सुरू केला की तो पूर्ण केल्याशिवाय ती बाजूला उडी मारत नाही, असं मला प्रत्येक सेटिंगवर जाणवलं. मशीन कितीही हलकं केलं तरी हे बदलेना. आता मी म्हणू शकते की ही उणीव गेमच्या रचनेतली आहे. पहिल्या वेळी हेच म्हणायचा मला अधिकार नव्हता.

आता खरी समीक्षा.

'राजी'ची ताकद कुठे आहे? माझ्या मते, जिथे पैसे कमी पडले असावेत असं वाटतं, नेमकी तिथे. मोठ्या कंपन्यांचे गेम कथा सांगताना चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलवून दाखवतात. त्याला अभिनेते, कॅमेरे, माणसं आणि वर्षं लागतात. 'राजी'मध्ये कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. चेहरा नाही, बाह्यरेषा आहे. ओठ हलवायची गरज नाही. आपल्याकडे पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जपला आहे. ज्याने तो पाहिला आहे त्याला हे 'स्वस्तातलं' वाटणार नाही, ओळखीचं वाटेल. दुसरं, कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही. तो कुठून काय दिसायचं ते ठरवतो. त्यामुळे चित्रकारांना प्रत्येक चौक, प्रत्येक कमान एकाच कोनातून रंगवता आली, आणि जे दिसणारच नाही ते बनवावं लागलं नाही. राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रांची आठवण देणारे रंग यामुळे काही जागी मी लढाई संपली तरी नुसती उभी राहिले.

उणीवही याच निर्णयातून येते. चित्रासाठी उत्तम असलेला तो दूरचा, ठरलेला कॅमेरा लढाईत आडवा येतो. चार असुर आणि राजी खांबामागे गेले की कोण कुठे आहे ते कळत नाही. त्रिशूळ, धनुष्य अशी शस्त्रं एकामागोमाग हातात येतात, पण असुर फारसे बदलत नाहीत, म्हणून शस्त्र बदलायचं कारण उरत नाही. दुर्गा आणि विष्णू फार बोलतात. भिंतीवरच्या चित्रात जे दिसतंय तेच ते पुन्हा सांगतात, आणि राजीची भीती आपल्याला तिच्याकडून कमी, त्यांच्याकडून जास्त कळते. शेवट तर मध्येच तुटल्यासारखा आहे. पाच-सहा तास ज्या भावासाठी धावलो, त्याबद्दलचं समाधान गेम देत नाही. हा पुढच्या भागाचा वायदा आहे, हे समजतं. पण प्रबंधाचं शेवटचं प्रकरण 'भविष्यातील संशोधनाची दिशा' एवढंच असेल तर परीक्षक चालवून घेत नाहीत.

माझा निष्कर्ष: जिथे त्यांनी मर्यादा मान्य केली तिथे 'राजी' स्वतःची वाटते. जिथे मोठ्या खेळांसारखी लढाई करायचा प्रयत्न केला तिथे ती उसनी वाटते.

आता मामेभावाची यादी. त्याने ती व्हिडिओ बघून केली होती. बेंचमार्कच्या व्हिडिओतला 'सरासरी ७६ एफपीएस' हा आकडा तुम्ही कसा वाचता? समजा १०० फ्रेम काढल्या. ९९ फ्रेमना प्रत्येकी १२ मिलिसेकंद लागले आणि एका फ्रेमला १२०. एकूण १३०८ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी सेकंदाला सुमारे ७६ फ्रेम. आकडा झकास. पण ती एक फ्रेम म्हणजे डोळ्याला जाणवणारा झटका, आणि नेमका तेव्हाच असुराचा वार बसतो. म्हणून चांगले परीक्षक सरासरीसोबत सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही देतात. सरासरी दिली आणि विखुरणं दिलं नाही, तर तुमचा पेपर परत येईल. कार्डाची जाहिरात मात्र परत येत नाही.

दुसरं, नावावर जाऊ नका. 'आरटीएक्स ३०५०' लिहिलेल्या लॅपटॉप चिपला ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत काहीही वीज मिळू शकते. ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. त्याच नावाचं आठ जीबीचं डेस्कटॉप कार्ड १३० वॅटचं आहे. नाव एक, वस्तू तीन. संशोधनात यालाच आपण व्याख्या न करता संज्ञा वापरणं म्हणतो.

तिसरं, रॅमची एक पट्टी की दोन. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेली चिप, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी, वेगळी मेमरी बाळगत नाही, मशीनची रॅमच वापरते. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती ने-आण करू शकते, दोन पट्ट्या ५१.२. म्हणून अशा मशीनमध्ये १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. किंमत जवळपास तीच, फरक खेळताना दिसतो. आणि उमरग्यात असाल तर चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस आधी, दिवे लागणारा कॅबिनेट नंतर. एडिटर उघडा असताना लाईट गेली तर दुपारभराचं काम जातं.

पण हे सगळं सांगूनही मूळ प्रश्न तसाच राहतो: मशीन कशासाठी? 'राजी' सगळ्यात आधी स्विचवर आली, ४ जीबी मेमरी असलेल्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर. म्हणजे ती खेळायला पंच्याहत्तर हजार लागत नाहीत. बनवणं वेगळं. ती अनरियल इंजिन ४ वर बनली आहे आणि आजच्या अनरियल ५ साठी एपिक ३२ जीबी रॅम सुचवते. त्याच्या यादीत सगळा भर कार्डावर होता आणि रॅम होती ८ जीबी. खेळणाऱ्याची यादी करून तो बनवणारा व्हायला निघाला होता.

मी म्हटलं, "गोडो हे इंजिन फुकट आहे, मुक्त आहे, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. 'सेलेस्ट'चं मूळ रूप दोघांनी चार दिवसांत पिको-८ वर बनवलं होतं, १२८ बाय १२८ पिक्सेलमध्ये. तीन महिने छोटा, सपाट गेम बनव. पूर्ण कर. मग काय कमी पडलं ते तुला आकड्यात सांगता येईल. ते विकत घेऊ."

तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "पुण्याच्या त्या लोकांना कुणी असंच सांगितलं असतं तर राजी झाली असती का?"

प्रश्न बरोबर आहे. किकस्टार्टर फसल्यावर कुठल्याही शहाण्या ताईने त्यांना थांबा म्हटलं असतं. ते थांबले नाहीत, म्हणून तर आपण आज तिच्या शेवटाबद्दल तक्रार करतोय. मी त्याला एवढंच म्हणू शकले की त्यांच्याकडे काम येणारी माणसं आधी होती, मशीन नंतर. आणि ते कुणाच्या पट्टीचे पैसे होते हे मला ठाऊक नाही; हे कुणाचे आहेत ते ठाऊक आहे. हे उत्तर पूर्ण आहे असं मला वाटत नाही.

शेवटी तडजोड झाली. मामांचे पैसे बँकेतच आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमची दुसरी पट्टी बसवली, ती माझ्या फेलोशिपमधून. परवा त्याने पहिला गेम पाठवला. एसटीचा कंडक्टर, सोलापूरहून निघालेली गाडी, नळदुर्ग, जळकोट, उमरगा. गर्दीत तिकिटं फाडायची आणि सुट्टे परत द्यायचे. जळकोटच्या पुढे गाडी अडकते आणि गेम बंद पडतो. मी विचारलं, मशीन मंद आहे का? म्हणाला, "नाही ताई. तपासलं. चूक माझ्याच कोडमध्ये आहे."

आता तुमचं काम. तुमच्या प्रस्तावात 'अमुक पद्धत कमी प्रभावी आहे' असं एक तरी वाक्य असेल. ते काढा आणि शेजारी लिहा: हे मी कोणत्या उपकरणावर, कोणत्या परिस्थितीत पाहिलं, आणि काय बदललं तर माझं मत बदलेल? तीनही रकाने भरता आले तरच ते वाक्य ठेवा.