कुत्रा, दगड आणि चार जन्म

मिकेलांजेलो फ्रामार्तिनोचा ‘ले क्वात्रो वोल्ते’ (2010) घडतो इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियातल्या डोंगरगावांत. पुनर्जन्म मानणाऱ्या पायथागोरसने आपला संप्रदाय याच मुलखात, क्रोतोनेला, उभा केला. सिनेमात चार नायक एकामागून एक येतात: शेळ्या वळणारा म्हातारा, करडू, उंच फरचं झाड आणि कोळसा. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल नाही. नवल आहे ते त्यातल्या मिश्किलीचं.

म्हातारा खोकल्याने बेजार आहे. औषध काय, तर चर्चमध्ये झाडून गोळा केलेली धूळ! झाडणारी बाई मासिकाच्या फाडलेल्या पानात तिची पुडी बांधून देते, त्याबदल्यात दूध घेते; म्हातारा रोज रात्री ती पाण्यातून पितो. दिग्दर्शक या श्रद्धेला हसत नाही, तिची आरतीही ओवाळत नाही. चर्चमधल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे कण तो शांतपणे पाहू देतो. माती माणसात कशी शिरते, हे इतक्या सहज क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आणि मग तो प्रसंग. सुमारे आठ मिनिटं, एकही कट नाही. कॅमेरा उंचावर, रस्त्यापासून दूर. रोमन शिपायांच्या वेशातले गावकरी गाडी चढावर लावून चाकामागे दगड ठेवतात. येशूच्या वधयात्रेची मिरवणूक निघते. म्हाताऱ्याचा कुत्रा भुंकतो, मागे राहिलेल्या पोराची वाट अडवतो. मग तो दगड ओढून काढतो. गाडी घरंगळत जाऊन शेळ्यांचं कुंपण मोडते. कॅमेरा डावी-उजवीकडे वळतो तेवढाच, पण गाडी आणि कुंपण यांचं नातं आपल्या डोळ्यांत आधीच पक्कं झालेलं असतं. हसून झाल्यावर कळतं की घरात म्हातारा मरणपंथाला लागला आहे. त्या भुंकण्यात हाकही असावी, असं मला दुसऱ्यांदा पाहताना वाटलं. मोकळ्या सुटलेल्या शेळ्या घरात शिरतात, एक तर टेबलावर चढते. मरणाऱ्याजवळ त्याच असतात.

थडग्याच्या अंधारातून थेट करडाचा जन्म: हा जोड बेमालूम आहे. झाडाचा भाग मला किंचित लांबलेला वाटला. पण कोळशाच्या भट्टीवर फावड्यांचे धपधप पडणारे ठोके ऐका. संवादांची उणीव जाणवतच नाही.

हा सिनेमा मोबाइलवर मात्र पाहू नका. कुत्रा पडद्यावर लहानसाच दिसतो आणि निम्मा विनोद त्याच्याकडे आहे.