‘हेमाडपंती’ म्हटले की पाहणे संपते

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या एसटीत अंजनेरीचा फाटा आला की प्रवासी डोंगराकडे पाहतात. पायथ्याच्या गावातली पडकी देवळे कोणी दाखवलीच, तर ‘हेमाडपंती आहेत’ एवढे सांगून विषय संपतो. पुढे त्र्यंबकच्या देवळापाशीही हाच शब्द कानी येतो. मीही तो बरीच वर्षे वापरला.

हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंजनेरीच्या जैन मंदिरातला शिलालेख शके १०६३ चा, म्हणजे त्याच्या शंभरेक वर्षे आधीचा. चंद्रप्रभाच्या मंदिराला दुकानांचे उत्पन्न दिल्याची नोंद त्यात आहे. ही शिल्पे आडरानातली नव्हेत, नांदत्या पेठेशेजारची; रोजच्या येण्याजाण्यात दिसणारी.

त्र्यंबकचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांचे. काम सुरू झाले १७५५ मध्ये. त्या काळात पुण्यात विटा-चुन्याची शिखरे उठत होती. इथे मात्र काळा पाषाण, आणि शिखराच्या अंगावर लहान शिखरांच्या चढत्या ओळी. पेशवाईतल्या पाथरवटांनी कित्येक शतकांपूर्वीची घडण मुद्दाम हाती घेतली. याला कोणी नक्कल म्हणेल. मला ती निवड वाटते, आणि धाडसाचीही. पण दोन्ही ठिकाणी एकच शब्द चिकटवला की हे धाडस दिसतच नाही.

त्र्यंबकला जाताना एकदा अंजनेरीला उतरावे. तिथली झिजलेली द्वारशाखा डोळ्यांत असतानाच मग त्र्यंबकचे शिखर पाहावे, दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी.